कोणाच्या नावावर

आईचं ठाम मत होतं की ताईच्या हाताला गळती आहे. दोघं भावंडं एकाच कचेरीत, एकाच हॉलमध्ये, शेअर दलालीचं एकच काम करतात. धाकट्याने लग्नाआधीच स्वतःचं घर घेतलं, मग गाडी घेतली. आणि ताई, जी त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहे, जिने त्याला हाताला धरून तिथे चिकटवलं, ती अजून भाड्याच्या दोन खोल्यांत. आई राहायची ताईकडेच, त्यामुळे पैसा नेमका कुठून गळतो हे शोधायला तिला अख्खा दिवस मोकळा होता. कपाटात नवी ओढणी दिसली की आई नुसती तिची घडी पुन्हा घालून ठेवायची. ताईला त्या घडीचा फार राग यायचा.

धाकटा आपल्यापेक्षा जास्त कमावतो हे ताईला माहीत नव्हतं असं नाही. पण किती जास्त, ते माहीत नव्हतं. कोणाला किती मिळतं हे विचारायचं नाही, अशी हॉलची रीतच होती. मालक म्हणायचे, घास ज्याच्या त्याच्या ताटातला, दुसऱ्याने वाकून बघू नये.

हॉल लांबट होता. पुढच्या खिडक्यांपासून मधल्या खांबापर्यंत पुरुषांची टेबलं, प्रत्येकावर संगणकाचे दोन-दोन पडदे आणि फोन. सगळ्यात मागे, पाण्याच्या पिंपाजवळ, पाच बायकांची एक रांग. पूर्वी तिथे आणखी मुली यायच्या. नव्या पोरी हुशार असायच्या, वर्ष-दीड वर्ष टिकायच्या आणि निघून जायच्या. मालक म्हणायचे, मुलींना या धंद्याची चिकाटी नाही. खरी गोष्ट अशी की मागच्या रांगेला गिऱ्हाइकं मिळायची ती निवृत्त मास्तर, विधवा बायका, नाहीतर चार पैसे बाजूला टाकणारे कारकून. माणसं चांगली, पण त्यांचे फोन दहा आणि सौदा एक. कारखानदार, डॉक्टर, मोठे ट्रस्ट पुढच्या रांगांत जायचे. ताईच्या शेजारणीची दोन बरी गिऱ्हाइकं होती, ती तिच्या बाळंतपणाच्या रजेत ‘तात्पुरती’ पुढे गेली. ते बाळ आता शाळेत जात होतं. गिऱ्हाइकं अजून तात्पुरतीच होती.

‘ताई’ हे नावही धाकट्यामुळेच पडलं. तो कामाला लागला तेव्हा सवयीने तिला ताई म्हणायचा, मग हळूहळू सगळा हॉल म्हणायला लागला, वयाने मोठे होते तेसुद्धा. ताई म्हटलं की काम सांगायला सोपं जातं. ताई, जरा माझा फोन बघतेस का? ताई, मी जेवून येतो, तोवर तेवढा सौदा टाक ना.

सगळं सुरू झालं ते नानांच्या निरोपाच्या दिवशी. नाना हॉलमधले सगळ्यात जुने दलाल. डॉक्टरांनी त्यांना बाजार बघायला बंदी केली होती, म्हणून ते घरी बसणार होते. सगळे उभे होते, हातात सरबताचे पेले होते. मालकांनी नानांचं कौतुक केलं आणि त्याच भरात धाकट्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले की नानांची गादी चालवणारा हा, यंदा या पोराने केवढी दलाली घरी नेली माहीत आहे का? आणि आकडा सांगून टाकला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईनेही वाजवल्या. वाजवता वाजवता तिने हिशेब केला, आणि तिचे हात मधेच थांबले. जे तिला वर्षभरात मिळायचं ते धाकटा तीन महिन्यांत कमावत होता. तिकडे मालक सांगत होते की नानांची गिऱ्हाइकं पुढच्या तिघांत वाटली जातील, धाकटा त्यात पहिला.

दुसऱ्या दिवशी ती मालकांच्या केबिनमध्ये गेली. मालक वाईट माणूस नव्हते. आवाज चढवायचे नाहीत, खुर्ची द्यायचे, चहा विचारायचे. त्यांनी तिला समजावून सांगितलं की इथे दुजाभाव मुळीच नाही. दलालीचा टक्का सगळ्यांना एकच, मागच्या रांगेलाही तोच आणि पुढच्यालाही तोच. आता ज्याचा धंदा जास्त त्याला नवी गिऱ्हाइकं आधी, हा नियमसुद्धा सगळ्यांना सारखाच. यात बाई-पुरुष आलं कुठे?

“साहेब,” ताई म्हणाली, “कोंबड्या सगळ्या त्यांच्या खुराड्यात सोडायच्या आणि मला विचारायचं, तुझी अंडी कमी का?”

मालक हसले. मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. मोठी माणसं, मोठ्या रकमा. बाईमाणसाशी पैशाचं बोलताना ती अवघडतात. त्यांना पुरुषाचा आवाज लागतो. “मी तुमच्याच भल्यासाठी सांगतो, ताई. अपमान करून घेण्यापेक्षा आपलं आहे ते बरं.”

ताई जागेवर आली. बाजार नुकताच उघडला होता. धाकटा नेहमीप्रमाणे कुठल्यातरी डॉक्टरबरोबर बाहेर नाश्त्याला गेला होता, आणि त्याचा फोन, त्यानेच वळवून ठेवल्यामुळे, ताईच्या टेबलावर वाजत होता. पाइपवाले असणार. पाइपांचा मोठा कारखाना होता त्यांचा, आणि बाजार उघडल्या उघडल्या सौदे करायचा नाद होता. हे धाकट्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

रिसीव्हरवर हात ठेवून ताई थांबली. बाईमाणसाशी बोलताना अवघडणारा हा माणूस गेली कित्येक वर्षं रोज सकाळी तिच्याशीच बोलत होता. भाव तीच सांगायची. घाई करू नका, थोडा पडू द्या, असंही तीच सांगायची. सौदा तीच टाकायची, धाकट्याच्या नावावर. इतकी वर्षं तिला यात काही वावगं वाटलं नव्हतं. भाऊच तर होता.

तिने फोन उचलला. पाइपवाल्यांनी नमस्कार-चमत्कार न करता थेट सांगितलं, अमुक इतके घे.

“घेते,” ताई म्हणाली. “पण आजपासून मी घेतलेला सौदा माझ्या नावावर जाईल आणि त्याची दलाली मला मिळेल. तुम्हाला खर्च तेवढाच पडेल. चालणार नसेल तर धाकटा तासाभरात येईल, त्याच्याकडून करा.”

पाइपवाले म्हणाले, “तासभर बाजार थांबणार आहे का? मला सौदा झाल्याशी मतलब. कर.”

हॉलमधला प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. त्यामुळे हे ‘कर’ कायमचं नोंदलं गेलं. ताईने आकडा दोनदा तपासला आणि स्वतःच्या नावावर सौदा टाकला.

शेजारीण ऐकत होती. तासाभराने खांबाजवळच्या एकाचा फोन तिने घेतला तेव्हा तिनेही तेच वाक्य म्हटलं, जरा चाचरत. आठवडा संपेपर्यंत पाचही जणी म्हणायला लागल्या, आपापल्या तऱ्हेने. एकीने इतक्या गोड आवाजात सांगितलं की गिऱ्हाइकाने उलट तिचेच आभार मानले. काहींनी नकार दिला, एकाने शिवी हासडून फोन आपटला. पण बहुतेकांना सौद्याशी मतलब होता, आणि जेवायच्या सुट्टीत पुढच्या रांगांच्या नावांवर सौदे पडेनासे झाले.

धाकट्याच्या लक्षात आलं त्याच संध्याकाळी तो ताईच्या घरी आला. आई भाजी निवडत बसली होती. तो बूट न काढताच दारात उभा राहिला आणि म्हणाला, “तू माझ्या ताटातलं उचललंस, ताई. सख्खी बहीण असून.”

ताईने त्याला आधी आत यायला सांगितलं. मग म्हणाली की मी काही उचललं नाही, जे मी शिजवलं तेवढंच वाढून घेतलं. तो म्हणाला की गिऱ्हाइकं माझी आहेत. ती म्हणाली, असतील, पण सकाळी तू नसतोस.

आईने हातातली जुडी खाली ठेवली. तिला शेअर बाजारातलं काही कळत नव्हतं, पण घरातलं कळत होतं. तिने धाकट्याला विचारलं, “तू बाहेर असलास की तुझं काम कोण करतं?”

“ताई बघते.”

“रोज?”

त्याने बुटांकडे बघत मान हलवली.

“आणि त्याचे पैसे?”

“नियमच तसा आहे, आई. ज्याचं गिऱ्हाईक, त्याची दलाली.”

आई ताईकडे न बघता म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं मी हिचं कपाट उगाच उचकलं. तुझं उचकायला हवं होतं.” आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. धाकटा न जेवता गेला. ताईला त्या रात्री बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. याच पोराला तिने सायकल शिकवली होती, पहिली मुलाखत होती तेव्हा त्याच्या सदऱ्याला इस्त्री करून दिली होती. तिला मुलाखतीला जायचं होतं तेव्हा तिची इस्त्री तिनेच केली होती.

दुसऱ्या दिवशी मालक केबिनमधून बाहेर आले, ही गोष्ट सहसा घडत नसे. ते थेट मागच्या रांगेपाशी आले. तमाशा बघायला पुढच्या रांगांतले झाडून सगळे उठून मागे जमले. मालकांनी आवाज चढवला नाही, पण शब्द चोरीचा वापरला. दुसऱ्याचं गिऱ्हाईक फोडणं ही या धंद्यात चोरी समजतात, असं म्हणाले, आणि ताईला सांगितलं की अब्रूने राजीनामा द्यावा.

ताई उभी राहिली.

“राजीनामा मी लिहिणार नाही. मला काढायचं असेल तर तुम्ही लिहा. आणि कारणही लिहा, की हिने गिऱ्हाइकाला विचारून सौदा केला. सगळं रेकॉर्डिंग आहे. ऐका सगळ्यांसमोर. बाईच्या आवाजाने कोण कोण अवघडलं तेही कळेल.”

मालक काही बोलणार तेवढ्यात खिडकीजवळचा एक फोन वाजायला लागला. मग दुसरा, मग खांबापाशी तिसरा. बाहेर बाजारात काहीतरी हललं असावं. पुरुष सगळे मागे घोळका करून उभे होते, टेबलं रिकामी होती, आणि एकेक फोन वाजून वाजून फिरत मागच्या रांगेवर येऊन वाजायला लागला. पाचही जणी हाताची घडी घालून बसून राहिल्या.

“अरे, कोणीतरी फोन घ्या,” मालक म्हणाले.

शेजारणीने मान वर केली. “कोणाच्या नावावर, साहेब?”

पुढच्या रांगांतले आपापल्या टेबलांकडे धावले, पण सगळ्यांना वेळेत पोहोचता आलं नाही. एक फोन वाजतच राहिला. ताईच्या पुढ्यातला. पाइपवाल्यांचा. धाकटा तिथेच, दोन हातांवर उभा होता. त्याने फोनकडे बघितलं, मालकांकडे बघितलं, आणि खाली मान घालून म्हणाला, “घे तू, ताई. तुझ्या नावावर घे.”

मालक केबिनमध्ये निघून गेले. संध्याकाळी भिंतीवर कागद लागला की यापुढे जो सौदा करेल त्याचीच दलाली. ताईचं नाव त्यात कुठेच नव्हतं. कागद वाचून असं वाटावं की हे मालकांना स्वतःलाच आदल्या रात्री सुचलं. पुढच्या रांगांतले नाश्ते आणि लांबलचक जेवणं हळूहळू आटोपशीर झाली, आणि मागच्या रांगेला महिनाअखेर पहिल्यांदाच जरा भरभक्कम वाटली.

धाकटा तिच्याशी बरेच दिवस कामापुरतं बोलायचा. पुढे पाइपवाल्यांनी स्वतःहून सांगितलं की माझं खातं बाईंकडेच करून टाका, उगाच दोघांना त्रास. धाकट्याने सही केली, पण त्या आठवड्यात तो आईला भेटायला आला नाही. मग आईच त्याच्याकडे गेली. तिथे काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. परत आली तेव्हा सोबत तो होता, आणि दारात त्याने बूट काढले.

नानांची गिऱ्हाइकं मात्र पुढच्या तिघांकडेच राहिली. तो विषय संपला, असं मालकांना वाटत होतं.

पुढच्या वर्षी खिडकीजवळचा आणखी एक दलाल दुसऱ्या शहरात निघाला. बातमी फुटली त्याच दुपारी मागच्या रांगेतल्या पाचही जणी केबिनमध्ये गेल्या. आत खुर्च्या दोनच होत्या, म्हणून कोणीच बसलं नाही, आणि मग मालकांनाही उभं राहावं लागलं. घासाघीस पुष्कळ झाली. शेवटी ठरलं की या माणसाची गिऱ्हाइकं पुढच्या-मागच्या सगळ्यांत सारखी वाटायची, आणि शेजारणीची ती दोन तिची तिला परत.

मालकांनी घाम पुसला. “झालं आता समाधान?”

“आणि नानांची?” ताईने विचारलं.

“ती तर केव्हाच वाटून झाली.”

“मग परत गोळा करा,” ताई म्हणाली. “आम्ही थांबतो.”