न चमकणारं पॉलिश

गल्लीतली पोरंसोरं काकांना चकाचककाका म्हणायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. उभा जन्म चष्म्याच्या दुकानात काचा पुसण्यात गेलेला, हाताला चाळाच लागला होता. दाराची कडी म्हणू नका, नळाची तोटी म्हणू नका, सापडेल ते काका पुसत सुटायचे. एकदा तर बोलता बोलता मेहुण्याच्या नाकावरचा चष्मा काढून, पुसून परत चढवला, आणि दोघांच्याही गप्पा थांबल्या नाहीत.

पण खरा जीव गाडीवर. गाडी छोटी, निळी, चांगलीच जुनी, आणि काकांच्या मते तिच्या तोडीची दुसरी रस्त्यावर नव्हती. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता गाडी चालवणं बंद. जन्मभर लोकांना चष्मे लावणाऱ्या माणसाला त्याच्याच डोळ्यांनी दगा द्यावा, याला काय म्हणावं? काकांचं जेवणातलं लक्ष उडालं. तेव्हा काकूंनी कंबर कसली. गाडी विकायची नाही, मी शिकते, म्हणाल्या. साठीला आलेली बाई, पण खरंच शिकली. परवान्याच्या परीक्षेत मात्र दोनदा आपटली. पहिल्यांदा चढावर गाडी मागे गेली, दुसऱ्यांदा उजवीकडे वळताना डावीकडचा दिवा लावला. या खेपेला जमलं नाही तर गाडी विकून मोकळं व्हायचं, असं काकूंनीच जाहीर केलं होतं. आणि त्या घरात काकूंच्या शब्दावर अपील नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी काकांना वाटलं, आपणही हातभार लावावा. आता काका हातभार लावणार म्हणजे काय करणार? पुसणार. ते गाडीच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथल्या चटपटीत मुलीने आतल्या प्लास्टिकसाठी मलईसारख्या पॉलिशची डबी पुढे ठेवली. उन्हाने डॅशबोर्ड तडकत नाही याने, आणि चमकतही नाही, असं ती कौतुकाने म्हणाली.

“न चमकणारं पॉलिश?” काकांनी असं विचारलं, जणू कोणी त्यांना अगोड साखर विकायला काढली होती.

मुलीने शांतपणे समजावलं. डॅशबोर्ड चमकला की त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि चालवणाऱ्याला रस्ता धड दिसत नाही. स्टिअरिंगला आणि पेडलला तर कसलंच पॉलिश लावायचं नाही, साबणाच्या पाण्यातून घट्ट पिळलेलं फडकं फिरवलं की झालं. काका मान डोलावत होते, नजर मात्र वरच्या फळीवर. तिथल्या बाटलीवर टायरचं चित्र होतं, आणि तो टायर इतका काळाकुळकुळीत होता की त्यात बघून भांग पाडावा. ते फक्त टायरला, बाहेरून, असं मुलीने दोनदा बजावलं. काकांनी बाटलीही घेतली आणि डबीही.

टायर झाले. काय ते टायर, शेजारपाजारचे थांबून बघायला लागले. पण बाटलीत अजून बरंच शिल्लक, आणि काकांचा हात काही थांबेना. चमक ती चमक, आत काय नि बाहेर काय, असं म्हणत त्यांनी डॅशबोर्ड माखला, स्टिअरिंग माखलं, गिअरचा दांडा माखला, आणि शेवटी गुडघ्यांवर बसून तिन्ही पेडलंसुद्धा लखलखीत केली. डबीचं झाकणही उघडलं नाही.

सकाळी काकूंची भाची आली. परवाना तिच्याकडे होता, म्हणून परीक्षेआधीच्या सरावाला तीच काकूंच्या शेजारी बसायची. काका मागे. गाडी गल्लीतून निघाली, कोपऱ्यावर काकूंनी ब्रेक दाबला आणि पाय सटकन बाजूला गेला. सावरायला जावं तर स्टिअरिंग हातातून निसटलं. भाचीने हँडब्रेक ओढला म्हणून गाडी कचराकुंडीच्या अलीकडे थांबली.

काकूंनी किल्ली फिरवून गाडी बंद केली. दोन्ही तळवे पदराला पुसले.

“हाताला घाम सुटलाय, पाय जागेवर राहत नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्याच्याने नाही व्हायचं. अहो, विकून टाका गाडी.”

भाची समजूत घालत होती, परीक्षेच्या भीतीने होतं असं. मागे बसलेले काका गप्प राहिले असते तर कोणाला पत्ताही लागला नसता, सगळं खापर भीतीवर फुटलं असतं. पण आरशात त्यांना बायकोचा चेहरा दिसला. एवढी हिमतीची बाई, आणि एवढंसं तोंड करून बसलेली. ते त्यांना सोसवलं नाही.

“अगं, भीती नाही की घाम नाही,” काका म्हणाले. “टायरचं पॉलिश आहे ते. पेडलला मी लावलं. स्टिअरिंगलाही मीच.”

काकू सावकाश मागे वळल्या. आता आपली धडगत नाही, हे काकांनी ओळखलं. काकूंनी बोटं एकमेकांवर चोळली, वास घेतला.

“म्हणजे माझ्या पायात काही बिघाड नाही?”

“पायात नाही. बिघाड माझ्या डोक्यात आहे.”

काकू हसायला लागल्या ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी आलं, ते सगळं हसण्याचंच होतं असं नाही. मग डोळे पुसून त्यांनी हुकूम सोडला, परीक्षेला अवकाश आहे, बादली आणा.

भाचीने हँडब्रेकवर हात ठेवून गाडी हळूहळू दारात आणली. कोमट पाण्यात गाडीचा साबण कालवला. भाची दात घासायच्या जुन्या ब्रशने पेडलच्या खाचा घासायला बसली आणि काका स्टिअरिंगला भिडले. ओलं फडकं, कोरडं फडकं, पुन्हा ओलं. जन्मात पहिल्यांदा ते चमक घालवायला पुसत होते, आणि चमकही अशी चिवट की जाता जाईना. अखेर स्टिअरिंगवर अंगठा दाबून ओढला तर तो अडला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. डॅशबोर्डला त्यांनी त्या डबीतली मलई लावली, मुकाट्याने.

परीक्षेच्या मैदानाकडेला काका भाचीबरोबर बाकावर बसले होते. काकू चढावर थांबल्या, निघाल्या, गाडी बोटभरही मागे आली नाही. वळल्या त्या ज्या बाजूचा दिवा लावला त्याच बाजूला. परीक्षा घेणारे साहेब खाली उतरले, पास म्हणाले, आणि जाता जाता काकांपाशी थांबले.

“टायर एवढे झकास, आणि आतून गाडी अगदीच निस्तेज. आतून पुसत नाही का कधी?”

उभ्या जन्मात काकांना असं कोणी बोललं नव्हतं.

“पुसली ना साहेब,” काका म्हणाले. “चमक जाईपर्यंत पुसली.”

साहेबांना काही उमगलं नाही. काकूंना उमगलं. त्यांनी शेजारच्या सीटचं दार आतून उघडलं आणि काकांना बसा म्हणाल्या. भाची मागे बसली. रस्त्याला लागल्यावर सवयीने काकांचा रुमाल बाहेर निघाला आणि गिअरच्या दांड्याकडे वळला. काकूंनी नुसतं बघितलं. काकांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि खिडकीची काच खाली केली.