केतकीचा नकार

अश्लेषाने पुस्तक भिंतीवर फेकून मारलं. ते जाडजूड धूड दणकन आपटून खाली पडलं.

‘वृकवंश’चा हा दुसरा भाग. सांगलीत विश्रामबागला मधुकाकांची लायब्ररी होती, तिथे त्यासाठी नंबर लावावा लागला होता. पहिल्या भागावर दोघी बहिणींनी जीव टाकला होता. त्यातला विक्रांत पौर्णिमेला लांडगा व्हायचा, आणि केतकी, साध्या गुराख्याची मुलगी, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणायची, ‘मी यायची नाही.’ शेवटी ती एकटीच नदी ओलांडून गेली होती. अश्लेषा तेव्हा मिरजेला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला नुकतीच जाऊ लागली होती. ती केतकी तिच्या मनात घर करून बसली होती.

दुसऱ्या भागात लांडग्यांची पाच घराणी आली, त्यांचे काके-मामे आले, शाप आले, लढाया आल्या. कोण कुणाचा कोण हे लक्षात ठेवता ठेवता डोकं उठलं. तरी ती वाचत राहिली, केवळ केतकीसाठी. आणि केतकीचं काय झालं? विक्रांत तिच्या वासावर माग काढत आला. म्हणाला, लांडग्याने एकदा बाईचा वास धरला की ती जन्मोजन्मी त्याची. केतकी नाही म्हणाली. त्याने तिला गुहेत कोंडलं. ती पुन्हा नाही म्हणाली. मग तिला ताप भरला, तो ताप म्हणे फक्त त्याच्या स्पर्शाने उतरणार होता. आणि उतरल्यावर केतकी त्याच्या पायाशी बसून रडली. ‘चुकले मी. तुमचं प्रेम मला कळलंच नाही.’

आवाज ऐकून धाकटी स्वानंदी आत आली. ती अकरावीत होती. पुस्तक तिने आधीच वाचून संपवलं होतं.

“काय झालं गं ताई?”

“डोकं फिरलंय या लेखकाचं. केतकी असं बोलेल?”

“मला तर तोच भाग आवडला,” स्वानंदी पुस्तक उचलत म्हणाली. “किती प्रेम करतो तो तिच्यावर!”

“कोंडून ठेवतो तिला!”

“ती ऐकत नाही म्हणून. मनातून तिलाही तो हवाच असतो.”

“कुठे लिहिलंय तसं? पहिल्या भागात एक ओळ दाखव.”

“तुला नाही कळायचं. तुझं म्हणजे अगदी केतकीसारखंच आहे. तो पृथ्वीराज बिचारा इतका थांबलाय...”

अश्लेषा उठून बसली. पृथ्वीराज हा पलूसकडच्या एका ऊसवाल्याचा मुलगा. कित्येक महिने तो मोटारसायकलवरून तिच्या बसच्या मागे मिरजेपर्यंत येत होता. माझ्या मागे येऊ नकोस, असं तिने त्याला तोंडावर सांगितलं होतं. मग तिने थांबा बदलला, मैत्रिणींची सोबत सोडून लवकरची बस धरली. थोड्याच दिवसांत तो नव्या थांब्यावर हजर.

“त्याला माझी नवी बस कुणी सांगितली?”

स्वानंदी पुस्तकाची पानं चाळू लागली.

“नंदू, कुणी सांगितली?”

“मी. क्लासबाहेर भेटला होता. रडत होता गं! मला वाटलं, तू मनातून...”

“माझ्या मनातलं मी तोंडाने सांगितलं होतं!” अश्लेषा ओरडली. “तुला, त्याला, सगळ्यांना! रोज मागे वळून वळून बघत मी त्या थांब्यावर उभी राहते, आणि तू त्याला पत्ता देतेस?”

बाहेरच्या खोलीतून वडिलांचा, देवदत्तांचा, आवाज आला. “हळू बोला. शेजारी ऐकतील.”

“ऐकू देत!”

रात्रभर तिला झोप लागली नाही. सकाळी तिने स्वानंदीला हाताला धरून उठवलं. “आज कॉलेज बुडव. माझ्याबरोबर चल.”

बस मिरजेला पोचली तेव्हा स्टँडबाहेर पृथ्वीराज गाडीला टेकून उभा होता.

“आज मेव्हणीबाई बी आल्या व्हय?” तो हसला. स्वानंदीही कसनुशी हसली. त्याने पुढे होऊन अश्लेषाचं मनगट धरलं. “बस की गाडीवर. किती दिस नखरं करणार?”

“हात सोड.”

“न्हाई सोडत. तू माझी हायस. तुज्या भनीला कळतंय, तुलाच कळंना.” मग तो खाली वाकून, अगदी मायेने बोलावं तसं म्हणाला, “आता न्हाई म्हणलीस तर तुज्या तोंडाकडं कुनी बगनार न्हाई आसं करीन. आसिडची बाटली आनून ठेवलीया.”

स्वानंदीच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. “सोड तिला!” ती किंचाळली. त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं, तेवढ्यात अश्लेषाने पिशवी गरकन फिरवून त्याच्या कानशिलावर हाणली. आत स्टीलचा डबा होता. तो कोलमडला. पेरू विकणारी रंगूबाई पाटी सोडून धावली. “आरं मुडद्या, पोरीस्नी हात लावतोस व्हय?” बघता बघता माणसं जमली आणि त्याला धरून चौकीवर घेऊन गेली.

चौकीतल्या हवालदाराने अश्लेषाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आधीची काही ओळख? उगाच कोण कशाला मागे लागेल?”

अश्लेषाने तोंड उघडायच्या आत स्वानंदीच पुढे झाली. “ओळख नव्हती. ताई त्याला नाही म्हणाली होती. तिची बस मी सांगितली त्याला. तेही लिहा.”

संध्याकाळी पृथ्वीराजचे वडील नानासो घरी आले. चहाला हात न लावता देवदत्तांना म्हणाले, “पोरगं हाय. लय जीव हाय त्येचा तुमच्या पोरीवर. लगीन लावून टाकू. तक्रार मागं घ्या.”

देवदत्तांनी अश्लेषाला बाहेर बोलावलं. मग म्हणाले, “तिला विचारा.”

“नाही,” अश्लेषा म्हणाली. “आणि तक्रारही मागे घेणार नाही.”

“लय तोंड सुटलंय तुमच्या पोरीला.”

देवदत्त उठले. त्यांनी दार उघडून धरलं. “निघा तुम्ही.”

जामिनावर सुटलेल्या पृथ्वीराजला घरच्यांनी जतकडे मामाकडे धाडलं. केस रखडत राहिली. त्या लेखकाचा तिसरा भाग आला, मधुकाकांकडे पुन्हा रांग लागली. अश्लेषा तिकडे फिरकली नाही.

स्वानंदी मात्र रोज न सांगता तिच्याबरोबर थांब्यावर येऊन उभी राहायची. दोघी बोलत नसत. एकदा बस येताना दिसली तेव्हा स्वानंदीने विचारलं, “अजून रागावलीयस?”

“हो.”

“किती दिवस?”

“माहीत नाही,” अश्लेषा बसच्या पायरीवर चढत म्हणाली. “उद्या ये.”