सहा वाजून नऊ मिनिटं

पुण्यातून निघायला साडेतीन झाले आणि त्याचं खापर जागृतीच्या डोक्यावर फुटलं. खरं तर प्रितम स्वतःच दोनपर्यंत फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात गोडगोड बोलत बसला होता. पण चूक आपली आहे असं कबूल केलं असतं तर तो प्रितम कसला!

"सहा नऊला सूर्यास्त आहे," चाकणच्या गर्दीत तो तिसऱ्यांदा म्हणाला. "भाऊ थांबलेत जेवायचे." वडलांना तो भाऊ म्हणे आणि आईला बाई.

"मग थांबू नका म्हणून सांगायचं."

"ऐकतात होय?"

ऐकत नसत, हे तिलाही ठाऊक होतं. जुन्नरच्या पेठेत कापडाचं दुकान चालवून थकलेले नेमीचंदशेठ चाळीस वर्षं चौविहार पाळत होते. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही, औषधसुद्धा नाही. आणि मुलगा यायचा असला की त्याच्याशिवाय घास उचलायचा नाही, हा वर आणखी हट्ट. दिवाळीत हे दोघं उशिरा पोचले. शेठजींनी इन्शुलिन टोचून घेतलेलं, जेवण राहिलं, साखर उतरली आणि ते न्हाणीघरात कोसळले. कपाळाला तीन टाके पडले. "सलाईन लावली, पण तोंडानं कायबी घेतलं न्हाई," असं ते पुढं महिनाभर सगळ्यांना ऐकवत होते. तेव्हापासून गाडी दारात उभी राहिल्याशिवाय सुई टोचायची नाही, असा त्यांच्या बायकोनं, धापूबाईंनी, नियमच केला.

मंचर आलं तसा जागृतीनं चहा मागितला.

"पाच वाजलेत."

"डोकं धरलंय माझं."

"माझ्या गावाला जायचं म्हटलं की धरतंच तुझं डोकं."

नारायणगावपर्यंत ती खिडकीकडं तोंड करून बसली. प्रितमची तिला शिसारी आली होती. सासऱ्यांवर मात्र तिचा जीव होता. लग्नानंतर नोकरी सोडू नको म्हणणारे घरात ते एकटेच. म्हणून तोंड फिरवून बसली तरी शिवनेरीकडं कललेल्या सूर्यावर तिचाही डोळा होता.

सहाला आठ कमी असताना गाडी दारात लागली. ओट्यावर बसलेल्या शेठजींनी हसून हात वर केला आणि सुई टोचून घ्यायला ते आत गेले. ताटं मांडलेलीच होती. फुलके, मुगाची डाळ, उकळून गार केलेलं पाणी. जागृतीला हायसं वाटलं. पोचलो बाई एकदाचे!

"तुजी खोली झाडून ठेवलीय गं," धापूबाई वाढता वाढता म्हणाल्या. "दोन महिने ऱ्हाणार म्हणल्यावर गादीबी उन्हात टाकली."

"कोण राहणार?"

धापूबाईंनी मुलाकडं पाहिलं. मुलगा चपलेकडं पाहत होता. दुपारचा तो गोडगोड फोन कसला होता, ते जागृतीला आत्ता कळलं.

"बाईला होत नाही आता," प्रितम म्हणाला. "तू रजा टाक. कुणीतरी राहायला हवं ना."

"मग तू राहा! आईबाप तुझे! मला न विचारता मला इथं सोडून जाणार होतास? सामानासारखी?"

"आवाज खाली कर."

"नाही करणार!"

"आरं, आदी दोन घास खा," शेठजी ताटावरून म्हणाले. "मग भांडा."

कुणी ऐकलं नाही. प्रितमनं तिचं माहेर काढलं, तिनं त्याचा सात वर्षांचा खोटेपणा काढला. भिंतीवरचं घड्याळ तिला समोर दिसत होतं. सहा पाच झालेले तिनं पाहिले आणि तरी ती बोलत राहिली. आज गप्प बसले तर कायमचं गप्प बसावं लागेल, असं तिला वाटलं. प्रितमही पाहत होता. तोही थांबला नाही.

शेठजींनी हात जोडले आणि ताट पुढं सरकवलं. सहा दहा झाले होते.

"भाऊ, एक मिनिट तर झालंय," प्रितम म्हणाला. शेठजींनी डोळे मिटून घेतले.

अर्ध्या तासात त्यांचं कपाळ घामानं भिजलं, बोटं थरथरू लागली. प्रितम डॉक्टरला फोन लावत सुटला. जागृतीनं साखरेचं पाणी केलं, पेला त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. सात वर्षांत पहिल्यांदा.

धापूबाईंनी तिच्या हातातून पेला हिसकावला. नवऱ्याचा शब्द जन्मात कधी न मोडलेल्या त्या बाईनं त्यांची हनुवटी घट्ट धरली. "मला एकटीला या दोघांच्या हवाली करून चाललात व्हय?"

ते प्यायले. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, आणि डोळ्यांतून पाणी गळत राहिलं ते पुसलंही नाही.

हात थरथरायचे थांबल्यावर त्यांनी भिंतीवरची सूर्यास्ताच्या वेळांची दिनदर्शिका काढून घ्यायला लावली आणि तिची घडी घालून मांडीवर ठेवली.

"झालं," ते म्हणाले. "आता घाई न्हाई. भांडा निवांत."