थोरल्यांचा डावा हात

“थोरल्यांचा डावा हात चांगला आहे, मी कुठे नाही म्हणतोय,” दणक्या म्हणाला. “पण शेवटी ड्रम म्हटल्यावर ताकद लागते की नाही?”

आणि मग तो गप्प झाला. वाक्य तोंडातून निघून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की समोरच्या खुर्चीत कोणी नाही. वर्षानुवर्षं रविवारी दुपारी ह्या खोलीत येऊन, चपला दाराशी काढून, तो ह्याच वाक्यानं सुरुवात करत आला होता. पत्ते खेळणारा आधी पत्ते पिसतो, तसं. आज सवयीनं पाय इकडे वळले होते आणि सवयीनंच जीभही वळली होती. त्याने कप खाली ठेवला आणि गुडघ्यांवरून हात फिरवत जमिनीकडे बघत बसला. आयुष्यभर लोकांच्या घरी फरश्या बसवल्यामुळे गुडघे कामातून गेले होते, आणि कुठेही बसला तरी नजर आधी फरशीच्या सांध्यांवर जायची.

त्या खुर्चीत बसणाऱ्या मित्राची बायको आत ओट्याशी उभी होती. नवरा जाऊन महिना होत आला होता. जळालेल्या विजेच्या मोटारी पुन्हा बांधून देण्याचं त्याचं दुकान होतं. तिथेच, मांडीवर पंख्याची मोटार आणि हातात तांब्याची तार घेऊन तो गेला. शेजारच्या दुकानदाराला बराच वेळ वाटत राहिलं की हा मान खाली घालून काम करतोय.

तेव्हापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. बायका आपसांत कुजबुजायच्या ते तिच्या कानावर येई. कोणी म्हणे धीराची आहे, कोणी म्हणे काळजाच्या जागी दगड आहे. तिला दोन्हीपैकी काहीच वाटत नव्हतं. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. डॉक्टरांनी सुई टोचल्यावर गाल असतो पण आपला वाटत नाही, बोट लावलं तर दुसऱ्याच्याच गालाला लावल्यासारखं होतं, हे तिला ऐकून माहीत होतं. तसं आता तिचं सगळंच झालं होतं. सकाळी उठायची, लॅबमध्ये जायची, प्लास्टर कालवायची, मेणात एकेक दात बसवायची, घरी यायची. हात बरोबर चालत होते.

बाहेरचा गप्पपणा लांबला. तिने नळ बंद केला आणि तिथूनच म्हणाली, “ताकद काय, घाण्याच्या बैलालाही असते.”

दणक्याने मान वर केली.

“थोरले काठी आपटत नाहीत,” ती त्याच सपाट आवाजात म्हणाली. “काठी सोडतात. ती आपली आपण खाली येते. तुमचे रॉकवाले सतरंज्या झटकतात.”

हे शब्द न् शब्द तिच्या नवऱ्याचे होते. तरुणपणी तो एका हॉटेलच्या बँडमध्ये जाझ वाजवायचा. पुढे हॉटेलवाल्याने बँड बंद करून भिंतीवर स्पीकर लावले, तेव्हा त्याने ड्रम विकले आणि दुकान काढलं. पण थोरले काही सुटले नाहीत. थोरले म्हणजे साता समुद्रांपलीकडचा एक नामांकित जाझ ड्रमर. घरात त्याचं नाव कोणी घेत नसे. थोरले म्हटलं की झालं, जसा घरातलाच कोणी वडीलधारा. दणक्या त्याच काळात रॉक बँडमध्ये होता. त्याच्या वाजवण्यावरूनच त्याला ते नाव पडलं होतं. दोघांचा बँड सुटला, केस गेले, पण भांडण काही सुटलं नाही.

“सतरंज्या झटकतात,” दणक्या सावकाश म्हणाला. त्याचा आवाज जरा सैल झाला. “आणि तुमचे थोरले काय करतात, वहिनी? ते काठीऐवजी तारांचा ब्रश घेऊन नुसते कपातली साखर ढवळतात.”

“ढवळायलाही हात लागतो. तुम्ही ढवळलीत तर कप फुटेल.”

“फुटू दे की. निदान मागच्या रांगेतल्या माणसाला ऐकू तरी जाईल.”

“मागच्याला ऐकू जावं म्हणून ओरडायचं नसतं. असं वाजवायचं की त्याने श्वास धरून ऐकलं पाहिजे.”

दणक्या त्या दिवशी दोन कप चहा प्यायला आणि अंधार पडायच्या आत निघाला. 

पुढच्या रविवारी तो आला, आणि त्याच्या पुढच्याही. ती ओट्याशी किंवा दाराच्या चौकटीत उभी राहून उत्तरं द्यायची. संसारभर ही बडबड तिच्या कानांवरून गेली होती. तेव्हा ती भाजी निवडत असे, नाहीतर लेकीची वेणी घालत असे. ऐकतेय असं तिला स्वतःलाही कधी वाटलं नव्हतं. आता बघते तर सगळं जिथल्या तिथे होतं. दणक्याने एक बाजू टाकली की दुसरी आपोआप तोंडाशी यायची. दणक्या म्हणायचा, रॉकवाला हजारो माणसं एका तालावर उभी करतो. ती म्हणायची, उभं काय, भोंगा वाजला तरी माणसं उभी राहतात. थोरले बसलेल्या माणसाचा पाय हलवतात, आणि त्याला कळतही नाही. दणक्या म्हणायचा, आमच्याकडचे एकेक गडी दोन-दोन पायांनी असा पाऊस पाडतात. ती म्हणायची, पाऊस पडतो त्यात पावसाचं काय कौतुक. थेंब मोजून पाडणारा दाखवा.

फक्त तिचं एक होतं. ती म्हणायची, “हे म्हणतात.” म्हणायचे, असं एकदाही म्हणाली नाही. दणक्याला ते कळत होतं. त्याने तिला अडवलं नाही, कारण त्यालाही तेच हवं होतं.

लेक दुसऱ्या गावी नर्स होती. एका रविवारी ती न कळवता आली, तेव्हा दार उघडंच होतं. आतून आईचा आवाज येत होता: “अहो, त्या हॉलमध्ये खांबामागची जागा मिळाली होती. पूर्ण वेळ फक्त थोरल्यांचा डावा हात दिसला. पण जो दिसला तो पुरला. उजवा हात वाट दाखवतो, वाटेवर काय काय आहे ते डावा सांगतो.”

बाबांची ती गोष्ट लेकीला तोंडपाठ होती. थोरले एकदाच ह्या बाजूला आले होते आणि बाबा रात्रभर प्रवास करून गेले होते. ती चपला न काढताच उंबऱ्यात उभी राहिली. दणक्या गेल्यावर तिने विचारलं, “आई, हे काय चाललंय?”

“काय चाललंय?”

“तू बाबांसारखं बोलतेस. त्यांची वाक्यं, ते थांबायचे तिथेच थांबतेस. मला बाहेर उभं राहून क्षणभर...”  लेकीने डोळे पुसले. “तू रडलीस का एकदा तरी?”

“येत नाही,” ती म्हणाली. पदार्थात मीठ कमी आहे म्हणावं, इतक्या साधेपणाने. “आलं की रडेन.”

“आणि काका? त्यांना काही वाटत नाही? दर रविवारी येऊन बसतात आणि तुला बोलायला लावतात.”

“ते कुठे जातील मग? घरी बायको नाही, मूल नाही. भांडायला एकच माणूस होता.”

लेक रात्री आईच्या शेजारी झोपली आणि सकाळच्या गाडीने गेली. जाताना तिने दणक्याला फोन केला होता, हे तिने आईला सांगितलं नाही.

पुढचा रविवार दणक्या आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला तो फोन हातात धरूनच. खुर्चीत बसला, चष्मा शर्टाला पुसला, परत लावला.

“वहिनी, जरा बाहेर या. बसा इथे.”

ती पदराला हात पुसत आली आणि नवऱ्याच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसली.

“थोरल्यांचं नवीन आलंय. ह्या वयातलं. मला कोणीतरी पाठवलं,” तो म्हणाला. “आधी ऐका.”

फोनवर एक छोटासा मंच दिसत होता. म्हातारा माणूस, कोट अंगात ढगळ झालेला, मानेची शीर ताणलेली. पियानो सुरू झाला. थोरल्यांनी ठेका धरला. साधा, सरळ, शाळेतलं पोर बाकावर धरेल तसा. आता पुढे काहीतरी करतील म्हणून ती वाट बघत होती, आणि दणक्या तिच्याकडे बघत होता. थोरल्यांनी काहीच केलं नाही. पियानोवाला सुरांत लांबवर फिरून आला, बासवाला फिरून आला, आणि थोरले त्याच सरळ वाटेने चालत राहिले. डावा हात एकाच जागी पडत होता. मध्येच तो किंचित थरथरला, उशिरा पडला, आणि पुन्हा जागेवर आला. शेवटी थोरल्यांनी काठ्या मांडीवर ठेवल्या आणि टाळ्या वाजेपर्यंत खालीच बघत राहिले.

दणक्याने फोन बंद करून मांडीवर ठेवला.

“मी त्याला कायम म्हणायचो,” दणक्या म्हणाला, “की तुझ्या थोरल्यांना एक अख्खं गाणं नुसता सरळ ठेका धरायला सांग, चुळबूळ करतील. आणि तो म्हणायचा, त्यांना तसं करायची वेळच येणार नाही. आता त्यांनी केलं. एकदाही चुळबूळ केली नाही. मला रात्रभर झोप नाही, वहिनी. मी जिंकलो की हरलो, तेच कळेना. तो काय म्हणाला असता ह्यावर?”

तिने तोंड उघडलं. उत्तर येईल म्हणून ती थांबली, दरवेळी यायचं तसं. घाण्याचा बैल आला, सतरंज्या आल्या, खांबामागची जागा आली. एकेक करून सगळं येऊन गेलं आणि त्यातलं काहीच इथे बसत नव्हतं. तिने आणखी शोधलं. नवऱ्याचा चेहरा तिला समोर दिसत होता, काहीतरी बोलायच्या आधी तो नाकपुडी खाजवायचा तेही दिसत होतं. पुढे शब्द नव्हते. हे त्याने ऐकलं नव्हतं. हे त्याच्यानंतरचं होतं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

“आठवून बघा.”

“आठवायला ते काही बोलले असायला हवं ना, भाऊजी. ते नव्हते तेव्हा.”

दणक्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मग त्याने चष्मा काढला आणि मनगटाने डोळे चोळले, मोठ्या माणसाने चोळू नयेत तसे. ती बघत बसली. आपण ह्याला पाणी द्यायला हवं हे तिला सुचलं, पण उठायला जमलं नाही.

“तुम्हाला काय वाटलं?” त्याने काही वेळाने विचारलं. 

“मला?”

“हो. ऐकलंत ना आता.”

ह्या खोलीत इतकी वर्षं इतकं बोलणं झालं, पण हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. नवऱ्यानेही नाही. तो वाईट नव्हता. त्याला वाटायचं, हिला त्यात गम्य नाही. तिलाही तसंच वाटायचं.

“दमलेत ते,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “आणि दमलोय हे सांगायची त्यांना लाज वाटत नाहीये.”

दणक्याने फोन खिशात टाकला. निघताना म्हणाला, “आता मी भांडणार नाही, वहिनी. लेकीने फोन केला होता. बरोबरच होतं तिचं.” आणि चपलेत पाय घालता घालता, तिच्याकडे न बघता, “आम्ही जुनी मंडळी एकत्र येतोय. दुपारचा कार्यक्रम आहे, बाजारामागच्या हॉलमध्ये. मी वाजवणार आहे. येणार असलात तर या. नाही आलात तरी चालेल, तुम्हाला त्रासच होईल.”

ती गेली. का गेली हे तिने स्वतःला विचारलं नाही. लॅबला सुट्टी होती आणि घरात बसून काय करायचं, एवढंच. हॉलमध्ये बऱ्याच खुर्च्या मोकळ्या होत्या. मंचावर पोटं सुटलेली, केस रंगवलेली माणसं तारा जोडत होती. दणक्या मागे ड्रमच्या पलीकडे बसला होता, गुडघ्यांना पट्टे बांधून. त्याला ती दिसली की नाही कळलं नाही. ती पहिल्याच रांगेत बसली, कारण दार मंचाजवळच होतं आणि मागच्या खुर्च्यांपर्यंत जायचा कंटाळा आला.

मग त्यांनी सुरू केलं.

त्यात थोरल्यांचं काहीसुद्धा नव्हतं. मोजून पाडलेला थेंब नव्हता, सोडलेली काठी नव्हती. दणक्या हाणत होता. नवरा असता तर त्याने कपाळाला हात लावला असता. आवाज कानातून येतच नव्हता, जमिनीतून येत होता. चपलेच्या तळातून वर चढून पोटऱ्यांत, मांड्यांत, बरगड्यांच्या आत शिरत होता. दणक्याचा पाय मोठ्या ड्रमच्या पेडलवर पडला की तिची छाती हलायची. ती हलवत नव्हती. तिला विचारूनही कोणी हलवत नव्हतं. महिन्यांमागून महिने जी जागा दुसऱ्याच कोणाची असल्यासारखी होती, तिथे कोणीतरी दार ठोठावत होतं आणि थांबत नव्हतं.

दुःख झालं असं नाही. बरं वाटलं असंही नाही. फक्त तिथे काहीतरी आहे, एवढं तिला कळलं.

शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या बाईने कानात बोटं घातली होती. तिने पिशवी उघडून कापूस काढला, त्याचे दोन बोळे केले आणि उरलेला कापूस हिच्यापुढे धरला. “घाला कानात,” म्हातारी ओरडून म्हणाली. “डोकं उठेल नाहीतर.”

हिने तो घेतला. नाही म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. गाण्याचा शेवट होईपर्यंत तो तिच्या मुठीत तसाच होता, घामाने ओला झालेला.