कोमट पाण्याचा संशय

मी कासव बोलतेय. नाव गेंचो. नाव पुरुषाचं आणि बोलणं बाईचं, हे ऐकून तुम्हाला काही खटकलं असेल तर उत्तम. संशय घेणारी माणसं मला आवडतात.

नावाचा घोळ स्टोइमेनचा. तो रेल्वेच्या फाटकावर नोकरीला होता. एका सकाळी मी दोन रुळांच्या मधे अडकले होते, मालगाडीची शिट्टी ऐकू येत होती. त्याने मला उचललं, टोपीत घातलं आणि घरी नेलं. पोटाकडे नीट न बघताच नाव ठेवून टाकलं. अकरा वर्षांनी मी आलुबुखाऱ्याच्या झाडाखाली चार अंडी घातली. त्याने अंड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “गेंचो, हे तू आधी सांगायला हवं होतंस.” नाव मात्र बदललं नाही. सरकारी माणूस, एकदा नोंद झाली की झाली.

त्या अंगणात मला अडतीस वर्षं झाली. माझे कान बाहेरून दिसत नाहीत. त्यामुळे माणसं माझ्यासमोर काहीही बोलतात. मी जे काही शिकले, ते याच सोयीवर.

लपणं हा माझा जुना स्वभाव. ऐन उन्हाळ्यात दुपारी मी पाण्याच्या टाकीमागच्या ओल्या मातीत शिरते. थंडी आली की आलुबुखाऱ्याखाली स्वतःला पुरून घेते आणि मार्चमध्ये वर येते. गेल्या वर्षी मात्र हिवाळ्याने दगा दिला. जानेवारीत ऊन पडलं, मी फसून वर आले, खायला काही नव्हतं, आणि चौथ्या दिवशी बर्फ पडला. वसंतापर्यंत माझी नुसती पाठ उरली होती. स्टोइमेन त्यावर त्याच्या नातीशी, बिल्यानाशी, फोनवर बराच वेळ बोलत होता. ती शहरात जनावरांची डॉक्टर आहे. तेव्हा मी फारसं लक्ष दिलं नाही. ती माझी चूक.

खरी गोष्ट सप्टेंबरात सुरू झाली. अंगणात मोठी कढई चढली होती. भाजलेल्या लाल मिरच्या आणि टोमॅटोची वर्षभराची चटणी शिजत होती. ढवळायला शेजारची ट्रेंदाफिला आली होती. ती आणि स्टोइमेन एकाच वर्गात शिकलेले, त्यामुळे एकमेकांचा मुलाहिजा ठेवण्याची दोघांनाही सवय नाही. स्टोइमेन बाकावर बसून होता. उन्हाळ्यापासून त्याचं रक्त कमी झालं होतं.

“अरे, तोंड बघ तुझं,” ट्रेंदाफिला म्हणाली. “चुना लावलेली भिंत बरी.”

“डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात.”

“गोळ्या! माझ्या मावशीच्या नवऱ्याचं रक्त असंच आटलं होतं. कासवाचं सूप पाजलं. वसंतात उठून त्याने दुसरं लग्न केलं.”

“आणि मावशी?”

“विषय बदलू नकोस.” तिने कढईतला डाव बाहेर काढला आणि माझ्याकडे रोखला. “औषध अंगणात चरतंय आणि हा बाबा गोळ्या गिळतोय.”

स्टोइमेन हसला. मी नीट पाहिलं. तो हसला; नाही म्हणाला नाही.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. ऑक्टोबरात त्याने मला उचलून स्वयंपाकघरातल्या तराजूवर ठेवलं. अडतीस वर्षांत माझं वजन कोणी केलं नव्हतं. त्या तराजूवर पीठ आणि मांस यांखेरीज काही ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. तो आकडा बघून खूश झाला आणि त्याने फोन लावला.

“हो, चांगली भरलीय,” तो म्हणाला. “बरं. आता खाणं बंद. दोन आठवडे? तीन? हो, आतडी पार रिकामी झाली पाहिजेत. मग रोज कोमट पाण्यात. कळलं.”

पलीकडून कोण बोलत होतं, ते मला ऐकू आलं नाही. पण हा विधी मला पाठ होता. दर वसंतात ट्रेंदाफिला रानातून गोगलगायी आणते. टोपलीत उपाशी ठेवते, पोटं रिकामी झाली की धुते, आणि त्यानंतर त्या गोगलगायींना पुन्हा कोणी पाहत नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझी पानं बंद झाली. खरं सांगायचं तर मलाही भूक नव्हती. पाय जड झाले होते, डोळे मिटत होते, एका जागी बसलं की तासभर तिथेच. मला वाटलं, भीतीने. मरणाची चाहूल लागली की अशीच गात्रं गळत असणार. मग जस्ताचं घंगाळ आलं. कोमट पाण्यात मला बसवून तो बोटांनी माझी पाठ चोळायचा आणि गुणगुणायचा. स्वयंपाक करताना गुणगुणणारा माणूस मी कधीच विश्वासाचा मानला नाही.

ज्या दिवशी तो कोठीतून लाकडी खोका आणि गवताचा पेंढा घेऊन आला, त्या दिवशी मी ठरवलं. तो पेंढा मोकळा करत होता, तेवढ्यात मी घरासमोरच्या लाकडी पायऱ्यांखाली शिरले. तिथे वाळक्या पानांचा ढीग होता. पाय आत, डोकं आत, श्वास जेमतेम.

दोन दिवस तो मला शोधत होता. बाहेर गार पाऊस भुरभुरत होता. तो काठीने झुडपं चाळवायचा आणि हाका मारायचा, “गेंचो! अगं म्हातारे! आजारी आहेस का?” मी मनात म्हटलं, ओरड. मऊ आवाजाला भुलणारी मी नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंपणापलीकडून भांडण ऐकू आलं.

“माझ्या स्वयंपाकघरात येऊन झाकण उचलतोस?” ट्रेंदाफिला किंचाळत होती. “माझ्या नवऱ्याची छाती नाही झाली कधी!”

“काय शिजतंय ते बघतोय.”

“बघ की! कोंबडी आहे, कोंबडी!”

“दिसतंय. कालचं पातेलं कुठाय?”

मी पानांखाली थबकले. तिच्या पातेल्यात तो मला शोधत होता? मग खोका कोणासाठी? पण तेवढ्यावर विश्वास ठेवला, तर ती मी कसली. माल चोरीला गेला की मालकही ओरडतोच.

पावसात भिजून स्टोइमेनला ताप भरला. स्वयंपाकघरातल्या शेगडीजवळ त्याची खाट टाकली होती, म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावरच्या दारापाशी. डॉक्टर येऊन गेले. तिसऱ्या दिवशी, सगळी भांडणं पोटात घालून, ट्रेंदाफिला पातेलं घेऊन पायऱ्या चढली. माझ्यावर धूळ पडली.

“ऊठ. सूप आणलंय.”

“कसलं?”

“कोंबडीचं.”

“शपथ घे.”

“घेतली.”

“तुझ्या शपथा! तू पाद्रीबाबांना वय बावन्न सांगितलंस, साठीच्या वाढदिवशी.”

“अरे, चार दिवस पोटात कण नाही तुझ्या. आधीच अंगात रक्त नाही. डॉक्टर म्हणाले ना, आज खाल्लं नाहीस तर उद्या इस्पितळ. आणि या वयात तिकडे गेलेलं कोण परत येतं?”

“नाही येत तर नाही,” स्टोइमेन म्हणाला. त्याचा आवाज मालगाडी दूर गेल्यावरच्या रुळांसारखा झाला होता. “ती त्या पातेल्यात नाही, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय घास उतरणार नाही. अडतीस वर्षं, ट्रेंदाफिला. बिल्यानाने सांगितलं तसं सगळं केलं मी. पोटात अन्न राहिलं तर झोपेत सडतं म्हणून खाणं बंद केलं. अंगात पाणी राहावं म्हणून आंघोळी घातल्या. गेल्या हिवाळ्यासारखं होऊ नये म्हणून तळघरात खोका केला. आणि ऐन वेळी कोणीतरी तिला उचललं.”

वर पातेलं शेगडीवर टेकवल्याचा आवाज आला.

भूक गेली होती ती भीतीने नाही, हे मला तेव्हा कळलं. दिवस लहान झाले होते, माती गार झाली होती, आणि माझं शरीर मला न विचारता दुकान बंद करत होतं. दर वर्षी करतं. या वर्षी मी त्याला मरणाची चाहूल समजले.

आता निघायला हवं होतं, आणि नेमके पाय माझे राहिले नव्हते. पायऱ्यांना टेकवून ठेवलेलं जस्ताचं घंगाळ माझ्यापासून दोन वितींवर होतं. मे महिन्यात मी ते अंतर सहज कापलं असतं. त्या दिवशी एक पाय उचलायचा आणि दुसरा आठवायचा, असं चाललं होतं. मधेच डोळे मिटले. कोंबडीच्या सुपाचा वास आला आणि पुन्हा उघडले. शेवटी पाठ घंगाळावर आपटली. टण्ण.

“मांजर असेल,” ट्रेंदाफिला वर म्हणाली.

मी पुन्हा आपटले. अडतीस वर्षांत एवढा आवाज मी केला नव्हता.

ती खाली उतरली, वाकली, आणि तिने मला दोन्ही हातांनी मानेपर्यंत उचललं. “हे घे!” ती दारातूनच ओरडली. “तुझी बाई! पायऱ्यांखाली बसली होती, नवाबासारखी! आता गिळ!”

स्टोइमेनने माझ्या डोक्यावर एक बोट ठेवलं. बोट तापलेलं होतं. मी डोकं आत घेतलं नाही. मग त्याने चमचा उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाला, “मीठ कमी आहे.”

“सुधारला,” ट्रेंदाफिला म्हणाली आणि खुर्चीवर बसून हाताने डोळे पुसू लागली. झाकण उचलल्याची माफी त्याने अजून मागितलेली नाही.

आता मी तळघरात आहे. खोक्यात माती आहे, वाळकी पानं आहेत, हवेला भोकं आहेत. डोळे मिटत चाललेत, म्हणून शेवटचं सांगते. तुमचं कासव लपलं, खाईना, हलेना झालं, तर आधी ऊन किती आणि थंडी किती ते बघा. जागा बदललीय का, कोणी काठीने ढोसतंय का, ते बघा. तरी कळलं नाही तर डॉक्टरला दाखवा. शेजारणीचं झाकण सगळ्यांत शेवटी उचला. आणि जे करणार असाल, ते कासवाला एकदा सांगा. ऐकू येतं.

मघाशी ट्रेंदाफिला चटणीच्या बरण्या ठेवायला खाली आली होती. तिने माझ्या खोक्याशेजारी कांदे ठेवले. लसणाची माळ टांगली. तमालपत्राची पुडीही. “इथे गारवा चांगला आहे,” म्हणाली आणि दार ओढून गेली.

असेलही ती कांद्यालसणाची दर वर्षीची जागा. मी मार्चमध्ये उठेनच. नाही उठले, तर स्टोइमेनला म्हणावं, या वेळी कालचंही पातेलं बघ.