ग्लासाखालचं पाणी

शाळेने पालकांच्या ग्रुपवर फर्मान सोडलं होतं: बर्फ-पाण्याचा घरगुती प्रयोग, दोन मिनिटांचा व्हिडिओ, आज संध्याकाळपर्यंत! बाकीच्यांचे व्हिडिओ केव्हाच येऊन पडले होते. आईचाच तेवढा राहिला होता.

टेबलावर काठोकाठ भरलेला काचेचा ग्लास, त्यात तरंगणारा बर्फ. पाच वर्षांच्या भिंगरीने एवढंच म्हणायचं होतं, "बर्फ वितळला तरी पाणी सांडत नाही."

"पण आई, सांडतं ना!" ती चौथ्यांदा म्हणाली.

"पुन्हा तेच! सांगितलेलं बोलायला काय होतं गं तुला?" आई कडाडली. ग्लासाखालचं ओलं वर्तुळ तिने खसकन पुसलं, नवा ग्लास भरला आणि मोबाईल रोखला.

भिंगरी बराच वेळ फ्रॉकचं टोक पिळत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, मला काय वाटतं ते तूच सांग ना."

फ्रिजच्या दाराचं रबर बदलत बसलेल्या म्हाताऱ्या मेकॅनिककाकांचा हात थांबला. "ताई, राग मानू नका. पोर खोटं बोलत नाहीये. टेबल बघा जरा."

नव्या ग्लासाखालीही ओलं वर्तुळ! आतलं पाणी थेंबभरही सांडलेलं नव्हतं. काचेवर बाहेरून मात्र थेंब ओघळत होते.

"तिचं उत्तर चुकलं असेल, नजर नाही चुकली," काका म्हणाले. "ती ग्लासाकडे बघत होती, तुम्ही मोबाईलकडे. आणि तिने पाहिलेलं पाणी तुम्ही दर वेळी पुसून टाकलंत!"

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मोबाईल पालथा ठेवला, भिंगरीच्या रंगपेटीतला लाल रंग ग्लासात कालवला, बाहेरून काच पुसली आणि विचारलं, "आता बाहेर येणारे थेंब लाल असतील का गं?"

भिंगरीने आधी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते पाहणं आईच्या काळजात रुतलं.

"उत्तर माझ्या तोंडावर नाही बाळा, ग्लासावर आहे."

"असतील," भिंगरी पुटपुटली.

दोघी टेबलावर हनुवटी टेकून बसल्या. थेंब आले. स्वच्छ, बिनरंगाचे!

"चुकलं माझं," भिंगरी हिरमुसून म्हणाली. आई काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने भिंगरीने एक थेंब बोटावर घेतला. "मग हे आलं कुठून?"

त्या दिवशी ग्रुपवर व्हिडिओ गेला नाही.

पालकहो, आपली उत्तरं मुलांच्या तोंडी कोंबायला दोन मिनिटं पुरतात. पण त्यापायी मुकं झालेलं मूल पुन्हा प्रश्न विचारू लागेपर्यंत आपल्याला गप्प बसता येईल का?