‘नवे प्रमुख’ नावाचं खातं

माझ्या धाकट्या जावेला नोकरी मी लावली. साहेबांपाशी शब्द मी टाकला, कॉम्प्युटर विभागात माझ्या शेजारची खुर्ची मी दिली आणि कामही मीच शिकवलं. कुणी पासवर्ड टाकत असेल तर आपण मान फिरवायची, इथपासून. सगळ्या चाव्या, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे अधिकार, एका हाती ठेवायच्या नाहीत, हेही माझंच. आणि आता बघा! साहेब, म्हणजे आमचे विभागप्रमुख, निवृत्त होणार, त्यांची खुर्ची कुणाला याची कुजबुज सुरू, आणि नेमकं तेव्हाच कंपनीतलं सगळ्यात मोठं काम साहेबांनी दिलं कुणाला? तिला. मी काय इथे माश्या मारायला बसले होते?

काम होतं पासवर्डचोरांना अडवण्याचं. कॉम्प्युटर आपल्या पोटात लोकांची खाती लक्षात ठेवतो. चोर शिरला की पहिला तिथेच हात घालतो. धाकटीने प्रत्येक कॉम्प्युटरवर राखणीचा प्रोग्राम बसवला आणि कॉम्प्युटरच्या पोटात एकेक खोटं खातंही ठेवलं. आमिष. खऱ्या माणसाला त्याची गरजच नाही, म्हणून जो ते उघडेल तो चोर. लगेच इशारा वाजतो. त्या खात्यांची नावं तिने कुणालाच सांगितली नव्हती. मलासुद्धा. मी तोंडाने "छान, छान" म्हणत होते आणि आतून नुसता जळफळाट.

घरी गेलं तर तेच. सासूबाई शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या, "आमची धाकटी चोर पकडते हो!" आणि थोरली? थोरली इतकी वर्षं काय गवत उपटत होती?

मग परवा जेवणाच्या सुट्टीत, विभाग रिकामा असताना, मी माझ्याच कॉम्प्युटरचं पोट उकरायला बसले. म्हटलं, हिच्या कामात एखादी तरी खोट सापडेल. खोट काही सापडली नाही. सापडलं एक खातं. नाव होतं ‘नवे प्रमुख’.

म्हणजे ठरलं तर! साहेब अजून खुर्चीवरून उठलेही नाहीत आणि हिचं खातं तयार? मला कुणी विचारलंसुद्धा नाही? आमिषाचं सगळं मला तोंडपाठ होतं, पण डोक्यात राख घातलेली, तिथे अक्कल कुठून शिरणार? आत कुणाचं नाव आहे एवढंच बघायचं होतं. उघडलं. आत कुणाचंच नाव नव्हतं. काहीच नव्हतं.

आणि दाराबाहेर धाकटीचा मोबाइल वाजला.

डबा तसाच टाकून ती धावत आली. माझ्या चेहऱ्यावरूनच तिला सगळं कळलं.

"ताई, काय केलंत हे! अहो, चोराला मोह पडावा म्हणून ते नाव ठेवलं होतं मी. तुमच्यासाठी नव्हतं ते."

"मग बंद कर ना तो इशारा!"

"माझ्या एकटीच्या हातात नाही. साहेबांनाही गेलाय. तुम्हीच सांगता ना, सगळ्या चाव्या..."

साहेबांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. जाता जाता ती माझ्या कानाशी लागली. "तुम्ही गप्प राहा. मी सांगते, चाचणी होती, मीच करायला लावली. साहेबांनी मला मागेच विचारलंय, खुर्चीवर कोण शोभेल म्हणून. मी तुमचं नाव घेतलंय, ताई."

आता हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं की नाही? छे! अंगाची नुसती आग आग झाली. म्हणजे खुर्ची मिळणार तीही हिच्या शब्दावर, आणि मी वाचणार तीही हिच्या थापेवर!

"काय प्रकार आहे?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, ती चाचणी..." धाकटीने सुरुवात केली.

"चाचणी कसली डोंबलाची!" मी म्हणाले. "मी उघडलं. हिच्यावर जळत होते म्हणून उघडलं. मला वाटलं, हिचंच खातं आहे."

साहेबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग माझ्याकडे न बघता धाकटीला म्हणाले, "यांच्याकडच्या सगळ्या चाव्या आजच काढून घ्या." खुर्चीचं वेगळं सांगायची गरजच नव्हती.

आम्ही माझ्या टेबलाशी आलो. तिने माझा जुना पासवर्ड रद्द केला. नवा, साध्या कर्मचाऱ्याचा, मला टाकायचा होता. "टाका, ताई," ती म्हणाली आणि मान फिरवून उभी राहिली, मी शिकवलं होतं तसं. माझ्या डोळ्यांना घळाघळा धार लागली, की-बोर्डवरची अक्षरं दिसेनात. पासवर्ड टाकायला असा कितीसा वेळ लागतो? तेवढा कधीच होऊन गेला होता. तरी तिने मागे वळून पाहिलं नाही. लोक जेवून परत यायला लागले, तशी ती माझ्या आणि दाराच्या मध्ये सरकून उभी राहिली. हे मात्र मी तिला शिकवलं नव्हतं.